पावसाच्या पाण्याची टाकी किती लिटरची घ्यायची? आधी कोरडे दिवस मोजा

मी पहिली टाकी आणली ती पाच हजार लिटरची, काळी, प्लास्टिकची. साइज कशी ठरवली म्हणाल तर दुकानात तेवढीच शिल्लक होती आणि टेम्पोत तेवढीच मावत होती, बाकी हिशोब शून्य. आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिमीच्या वर, आणि एप्रिल-मे मध्ये हंडाभर पाण्यासाठी वणवण, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तर जुलैमध्ये पन्हळ लावली, पाइप जोडला, रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी उठून बघतो तर टाकी फुल्ल, वरून पाणी वाहून परसात चिखल. आम्ही खूश. मग टाकीला कुलूपच लावलं म्हणा ना, एप्रिलपर्यंत थेंब काढला नाही. विहिरीचा तळ दिसला तेव्हा नळ सोडला आणि बरोबर पंचवीस दिवसांत टाकी खडखडीत. पाऊस यायला अजून महिना-दीड महिना बाकी. पुन्हा टँकर.

नंतर कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं की ह्यात नवल काहीच नव्हतं. हजार फुटाचं छप्पर, त्यावर एका रात्रीत ७० मिमी पाऊस, म्हणजे पाच हजार लिटर पाणी. आणि घरात पाच माणसं, माणशी ४० लिटर धरलं तरी दिवसाला २०० लिटर. पाच हजार भागिले दोनशे, पंचवीस दिवस. चौथीतलं गणित होतं, फक्त टाकी घ्यायच्या आधी करायला हवं होतं.

तेव्हापासून गावात कोणी टाकी बांधायला काढली की मला विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "आमच्या छपराला किती लिटरची टाकी लागेल?" हा प्रश्नच चुकीचा आहे. छप्पर नाही बघायचं आधी. आधी हे बघायचं की तुमचं नेहमीचं पाणी कुठल्या तारखेला संपतं आणि पुन्हा कुठल्या तारखेला सुरू होतं. मधले जे दिवस आहेत ना, त्यांच्यासाठी टाकी. पाऊस चालू असताना टाकीची गरजच नसते, तेव्हा विहीर भरलेली असते, नळाला पाणी असतं.

तारखा कशा काढायच्या? आमच्याकडे आई कॅलेंडरवर सगळं लिहिते, गॅस कधी लावला, दुधाचे खाडे किती, तसंच टँकर कधी आला तेही. मी मागची तीन कॅलेंडरं काढली (आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही, खणात अंथरते) आणि बघितलं तर पहिला टँकर कधी १५ मार्चला, कधी २० ला, एका वर्षी ३१ ला. पाऊस सुरू होतो मृगाच्या आसपास, ७-८ जूनला, पण विहिरीला पाणी लागायला त्याच्यापुढे चार-आठ दिवस जातात हे विसरू नका. म्हणजे सगळ्यात वाईट वर्ष धरलं तर १५ मार्च ते १२-१३ जून, नव्वद दिवस. तुमच्याकडे कॅलेंडर नसेल तर शेजारच्या म्हातारीला विचारा, पाणी कधी आटतं हे ज्या बाईने डोक्यावरून हंडे वाहिलेत तिच्याइतकं पक्कं कोणाला आठवत नाही. पण सरासरी वर्ष धरू नका हां. सरासरीवर टाकी बांधली तर दोन वर्षांतून एकदा कमी पडणार, सरळ आहे.

आता दिवसाला किती लिटर. इथे लोक अंदाज मारतात आणि फसतात. सरकारी हिशोब खेड्यात माणशी ५५ लिटर, जलजीवन मिशनवाले (घरोघरी नळाची सरकारी योजना) तेवढं धरतात, आणि शहरात १३५ लिटर. पण तुमच्या घरात खरं किती लागतं ते आठवडाभर मोजा ना. आम्ही काय केलं, मोरीजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघा. हंडा भरला की एक रेघ, बादली भरली की दुसऱ्या बाजूला रेघ. हंडा आमचा १५ लिटरचा, बादली १८ ची (लिटरच्या बाटलीने मोजून घ्या, दुकानदार २० सांगतो). आठवड्याने रेघा मोजल्या तर माणशी ६२ लिटर आलं. एवढं सगळं टाकीतून द्यायचं का? नाही. तिथे घरात बसून ठरवावं लागतं की टाकीचं पाणी कशाकशाला वापरायचं. नुसतं पिण्याला आणि स्वयंपाकाला म्हटलं तर माणशी ८ ते १० लिटर पुरे. अंघोळ धरली की बादली-सव्वा बादली वाढली. भांडी, कपडे, संडास धरलं की पार पन्नास-साठच्या पुढे. आम्ही ठरवलं की कपडे उन्हाळ्यात पऱ्ह्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, डबक्यात धुवायचे (अजून धुतात, वहिनी कुरकुर करते) आणि बाकी सगळं टाकीतून. म्हणून ४० लिटर.

गुरं असतील तर ती आधी धरा. एक दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी सहज पिते, म्हणजे एक म्हैस म्हणजे दीड माणूस. एकाने माणसांचा हिशोब करून टाकी बांधली आणि गोठ्यात दोन म्हशी, एप्रिल उजाडायच्या आत टाकीने हात वर केले.

आणि कोकणातलं दुसरं जनावर, म्हणजे आमचेच मुंबईचे चाकरमानी! मे महिन्यात मुंबईहून भाऊ, बहीण, त्यांची पोरं, मावशी, सगळी येतात आणि नेमकी ज्या दिवसांत विहीर कोरडी असते त्याच दिवसांत येतात. आठ माणसं पंधरा दिवस धरली, माणशी ४० लिटर, तर ४,८०० लिटर. म्हणजे माझी ती पहिली अख्खी टाकी नुसती पाहुण्यांत गेली असती. हे कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसतं म्हणून सांगतोय. लग्नकार्य ठरलं असेल तर तेही धरा.

तर आमचा हिशोब असा झाला. ५ माणसं, ४० लिटर, ९० दिवस म्हणजे १८,०००. पाहुणे ४,८००. झाले २२,८००. त्यावर दहा टक्के वर, कारण पाऊस कधी आठवडाभर लांबतो, कधी पोरं नळ उघडा ठेवतात. २५,००० लिटर. पाच हजारवाल्याला हा आकडा बघून धाप लागली पण आकडा खोटा नव्हता.

आता छपराकडे या. छपराने फक्त एवढंच तपासायचं की एवढं पाणी मिळेल का. सूत्र सोपं आहे, एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस पडला की एक लिटर पाणी. स्क्वेअर फुटाला ०.०९३ ने गुणलं की चौरस मीटर, म्हणजे १००० फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यातलं सगळं पाणी टाकीत येत नाही, थोडं उडतं, थोडं कौलात मुरतं, थोडं पन्हळीबाहेर जातं, म्हणून कौल आणि स्लॅबला ८० टक्के धरा, पत्र्याला ८५-९०. आणि उतरतं छप्पर असेल तर उतारावरून टेप लावू नका, सगळे हेच करतात. पाऊस वरून सरळ पडतो असं धरून हिशोब आहे, त्यामुळे छपराची जमिनीवर जेवढी सावली, वळचणीसकट, तेवढंच क्षेत्रफळ. उतारावर मोजलं तर उगाच दहा-पंधरा टक्के जास्त दिसतं.

पाऊस किती पडतो हे व्हॉट्सअॅपवर विचारू नका, कृषी खात्याच्या महारेन साइटवर तालुक्याचा आणि महसूल मंडळाचाही (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) पाऊस रोजचा टाकलेला असतो, मागच्या वर्षांचाही मिळतो. मंडळाचा घ्या, कारण एकाच तालुक्यात घाटाखाली आणि खाडीकडे फरक पडतो.

९३ गुणिले ३००० गुणिले ०.८, दोन लाख तेवीस हजार लिटर. आम्हाला हवेत पंचवीस हजार. म्हणजे छपराचा नववा हिस्सासुद्धा पुरे! हे कळल्यावर माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो म्हणजे अख्ख्या घराला पन्हळ लावायची गरजच नाही. पाठीमागच्या कौलांवर आंब्याची पानं, शेवाळ, माकडांचा राबता, ते पाणी कशाला घ्या? पुढच्या पडवीवर ३०० फुटाचा स्वच्छ पत्रा आहे, झाडापासून लांब, तेवढाच जोडला. ३०० फूट म्हणजे २८ चौरस मीटर, मिमीला २५ लिटर. हजार मिमी पाऊस पडला की पंचवीस हजार लिटर, आणि एवढा पाऊस आमच्याकडे एकट्या जुलैत बहुतेक वर्षी पडतोच. कोकणात आणि गोव्यात छप्पर निवडून घ्यायची चैन आहे, ती करा. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचं पाणी मात्र पिण्यासाठी घेऊ नका, गोठ्याला, झाडांना चालेल.

पण हे सगळं झालं जिथे पाऊस रग्गड आहे तिथलं. घाटावर गणित पूर्ण उलटं होतं आणि ते मला बायकोच्या माहेरी कळलं. ते माण तालुक्यात, साताऱ्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, वर्षाला पाऊस जेमतेम ५०० मिमीच्या आसपास आणि त्यातला बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मी आपला कोकणातला शहाणपणा घेऊन गेलो तर सासरे म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडं छप्पर जास्त आन टाकी कमी, आमच्याकडं टाकी कशी बी बांधू, पण भरायची कशानं?" बरोबर बोलले मामा.

तिथे महिन्याचा जमाखर्च मांडावा लागतो, बँकेच्या पासबुकासारखा. घर ६०० फूट, पत्रा, म्हणजे ५६ चौरस मीटर, मिमीला साधारण ४८ लिटर. वापर फक्त पिणं-स्वयंपाक, पाच माणसं, दिवसाला ५० लिटर, महिन्याला १,५००. पाऊस असा धरू, जून ६०, जुलै ६०, ऑगस्ट ८०, सप्टेंबर १५०, ऑक्टोबर १००, नोव्हेंबर २०. (हे आकडे उदाहरणाला घेतलेत, तुम्ही तुमच्या मंडळाचे टाका.) जूनमध्ये २,८८० जमा, १,५०० खर्च, शिल्लक १,३८०. जुलैअखेर २,७६०. ऑगस्टअखेर ५,१००. सप्टेंबरमध्ये उडी, १०,८००. ऑक्टोबरअखेर १४,१००, हा सगळ्यात वरचा आकडा. नोव्हेंबरपासून उतरण, १३,५६०, आणि मग दर महिन्याला दीड हजार कमी होत होत मे अखेरीस शिल्लक ४,५६०.

आता टाकी किती? पहिला विचार येतो की सगळ्यात वरचा आकडा १४,१००, तर १५,००० ची टाकी. मग कोणीतरी हुशार म्हणतो, अरे मे मध्ये साडेचार हजार उरतायत म्हणजे तेवढी टाकी फुकट गेली, १०,००० ची घे. करून बघा, दहा हजारची घेतली तर सप्टेंबर-ऑक्टोबरचं जास्तीचं पाणी वाहून जातं पण मे अखेरीला ४६० लिटर उरतात, म्हणजे काठावर पास. मेव्हण्याने तेच धरलं होतं. मी म्हटलं थांब, आता दुष्काळाचं वर्ष घालून बघ, पाऊस साठ टक्केच पडला असं धर. मग ऑक्टोबरअखेर शिल्लक फक्त ५,४६० आणि फेब्रुवारी संपताना टाकीत ३६ लिटर! टाकी दहाची असो, वीसची असो, काही फरक पडत नाही कारण पाणीच आलेलं नाही. पण मागच्या चांगल्या वर्षाचे ते ४,५६० लिटर शिल्लक असले तर? मार्च, एप्रिल, मे, तीन महिन्यांचे ४,५००. बरोबर पुरतं. म्हणजे चांगल्या वर्षी जे फुकट वाटत होतं तेच पाणी पुढच्या वाईट वर्षाला तारतं, आणि ते ठेवायला पंधराचीच टाकी लागते. तिथे आम्ही १५,००० ठरवली. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला तर पंधराही पुरणार नाही, त्याला उपाय टाकी मोठी करणं नाही, छप्पर वाढवणं आहे, म्हणून गोठ्याचा पत्रापण पुढच्या वर्षी जोडायचा ठरलाय.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच, पाऊस भरपूर असेल तर कोरडे दिवस गुणिले वापर, झालं. पाऊस कमी असेल तर बारा महिन्यांचं पासबुक, एकदा चांगल्या वर्षाचं आणि एकदा वाईट वर्षाचं. नागपूर, नाशिक, कोल्हापूरवाले मधे कुठेतरी पडतात, त्यांनी दोन्ही करून बघावं, जो आकडा लहान येईल तेवढंच पाणी खरं मिळणार आहे.

पुण्या-मुंबईत बंगला किंवा रो-हाउस असेल आणि महापालिकेचं पाणी रोज येत असेल तर एवढा घोळ घालू नका. बागेला आणि गाडी-अंगण धुवायला दोन ते पाच हजारची टाकी ठेवा, पावसाळ्यात ती दहा वेळा भरेल आणि रिकामी होईल, आणि ओव्हरफ्लो खड्ड्यात किंवा बोअरजवळ मुरवा. शहरात जागेची किंमत बघता पंचवीस हजाराची टाकी म्हणजे एक खोली गेली.

आता लिटरचं फुटात कसं करायचं, कारण गवंडी लिटर ऐकत नाही, तो फूट ऐकतो. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. दहा बाय दहा बाय दहा फूट म्हणजे २८,३०० लिटर, हे पाठ करून ठेवा, बाकी सगळं त्यावरून काढता येतं. पण इथे एक मोठी गोम आहे आणि तिच्यात आमच्या वाडीतले दोघं अडकले. गवंडी म्हणतो, "दहा बाय दहा बाय आठ मारूया, बावीस हजार बसतील." कागदावर बरोबर, २२,६४०. पण तो बाहेरून माप सांगतोय! नऊ इंची भिंत दोन्हीकडून गेली की आतून राहिलं साडेआठ बाय साडेआठ. आठ फूट खोलीला १६,३६० लिटर. मग खालून अर्धा फूट सोडा, कारण नळ तळाला लावत नाहीत, गाळ बसतो, ते पाणी तुमचं नव्हेच. वरून अर्धा फूट ओव्हरफ्लोच्या पाइपाला. राहिलं सात फूट. १४,३०० लिटर. बावीस हजार म्हणून पैसे मोजले आणि वापरायला मिळतात चौदा हजार! म्हणून गवंड्याला सांगताना "आतून, नळाच्या वर, ओव्हरफ्लोच्या खाली एवढे लिटर" असं सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. प्लास्टिकच्या टाकीतही तळाचं थोडं पाणी जातंच, पण एवढा फरक नसतो.

गोल टाकी चौकोनीपेक्षा बरी. तेवढ्याच पाण्याला भिंत कमी लागते आणि कोपरे नसल्यामुळे चिरा कमी. आम्ही फेरोसिमेंटच्या केल्या, जाळी आणि सिमेंटचा गिलावा, भिंत इंच-दीड इंचाची, माहीतगार माणूस मिळाला तर स्वस्तात होते. पण माहीतगारच हवा, गिलाव्यावर पुढे दहा-बारा दिवस पाणी मारत राहायला हवं, नाहीतर पहिल्याच वर्षी पाझरते. प्लास्टिकची सोपी, आणली आणि ठेवली, पण मोठ्या साइझला महाग पडते. कुठलाही दर आला की त्याला वापरायच्या लिटरने भागा आणि लिटरला किती रुपये ते बघून तुलना करा, टाकीच्या किमतीवर नको. जांभ्यात खड्डा खणून नुसतं प्लास्टर मारायचा विचार असेल तर सांभाळून, जांभा चाळणीसारखा असतो, आतून चांगलं अस्तर नसेल तर तुमचं पाणी शेजारच्याच्या विहिरीत.

जमिनीखाली टाकी घ्यायची तर अजून एक. वरच्या आळीत एकाने खड्डा खणून पाच हजारची प्लास्टिक टाकी पुरली आणि जुलैत साफ करायला म्हणून रिकामी केली. बाजूला जमिनीत पाणी भरलेलं, टाकी हलकी, रात्रीत अशी वर आली जसं काही गणपती विसर्जनात न बुडता तरंगतोय. पाच हजार लिटर पाणी बाजूला सारलं की पाच टनांचा धक्का वर लागतो, दोन पोती माती टाकून तो थांबत नाही. पावसाळ्यात पुरलेली टाकी रिकामी करायची नाही, आणि करायची असेल असं वाटत असेल तर पुरायची नाही. तसंच स्लॅबवर पाच-दहा हजारची टाकी परस्पर चढवू नका, हजार लिटर म्हणजे एक टन, घर बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

शक्य असेल तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन करा. एक साफ करताना दुसरीत पाणी राहतं, एकीत उंदीर-पाल पडली तरी सगळा उन्हाळा वाया जात नाही. खर्च थोडा वाढतो, पण एप्रिलमध्ये पंचवीस हजार लिटर पाणी एका मेलेल्या उंदरापायी ओतून द्यायची वेळ आली तर काय कराल.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती सोडायचं हे माहीत नसतं. मृगाचा पहिला आठवडा तर सगळंच बाहेर सोडा, पत्रा धुऊन निघू दे. त्यानंतर पावसाने उघडीप दिली आणि पुन्हा आला की पहिले दोन मिमी बाहेर. आमच्या २८ मीटरला म्हणजे ५५ लिटरच्या आसपास. त्यासाठी सहा इंची पाइप दहा फूट उभा केला, खाली बूच, त्यात जवळपास तेवढंच पाणी मावतं, तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. पाऊस थांबला की बूच उघडून रिकामा करायचा. हे रोज करायचं काम आहे आणि रोज विसरायचंही, म्हणून बुचाला एक बारीक भोक पाडून ठेवलंय, पाणी आपलं आपण ठिबकून जातं. पूर्ण हजार फुटाचं छप्पर जोडणार असाल तर कोकणातल्या पावसाला चार इंचाचा एक पाइप पुरत नाही, दोन लावा, नाहीतर पन्हळ भरून पाणी बाहेरच्या बाहेर उडतं आणि तुम्ही टाकीच्या हिशोबाला दोष देता.

टाकीत उजेड जाता कामा नये, उजेड गेला की शेवाळ. प्रत्येक तोंडाला, ओव्हरफ्लोच्या पाइपालासुद्धा बारीक जाळी, नाहीतर डासांचा कारखाना. पिण्यासाठी आम्ही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, जी ग्रामपंचायतीत मिळते तीच, हजार लिटरला पाच ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं. आणि पिताना उकळून, लहान मुलं असतील तर नक्कीच.

एक राहिलंच, टाकी भरण्याची वेळ. जुलैत भरली की कुलूप लावून एप्रिलपर्यंत बघत बसायचं नाही, जी चूक मी केली. पावसाळाभर तेच पाणी वापरा, भांड्यांना, अंघोळीला, काढत राहा, नवं येत राहील. फक्त सप्टेंबरच्या शेवटच्या पावसांत टाकी काठोकाठ भरलेली आणि आतून स्वच्छ असली पाहिजे. आम्ही ऑगस्टच्या शेवटी आळीपाळीने दोन्ही टाक्या धुतो, म्हणजे उरलेल्या पावसात पुन्हा भरतात. घाटावर असं करू नका, तिथे हस्ताचा पाऊस आला तर आला. तिकडे धुवायची ती मे अखेरीस, पाणी सगळ्यात कमी असताना, आणि उरलेलं आधी पिंपात काढून ठेवून.

तर आता आमच्या दोन गोल टाक्या आहेत, आतून दहा फूट व्यास, पावणेसात फूट उंच, वरचा-खालचा अर्धा अर्धा फूट सोडून प्रत्येकीत पावणेतेरा हजाराच्या आसपास, मिळून पंचवीस हजार पाचशे. त्यात बुडवायला बांबूची काठी केलीय, इंचाइंचाच्या खुणा कोरून. एका टाकीत एक इंच पाणी म्हणजे १८५ लिटर, म्हणजे घरातला जवळपास एक दिवस. त्यामुळे काठी बुडवली की नळाच्या वर किती इंच ते बघायचं आणि तेवढेच दिवस उरले असं समजायचं, लिटरबिटर काही नाही. तुमच्या टाकीचं हे माप काढून ठेवा, तळाचं क्षेत्रफळ स्क्वेअर फुटात घ्या, बाराने भागा, २८.३ ने गुणा. मे मध्ये मुंबईकर आले की रोज पावणेतीन इंच उतरते. काठी आईच्या ताब्यात असते, पोरं दुसऱ्यांदा अंघोळीला निघाली की ती काठी घेऊनच बाहेर येते.